घरी काडतुसे भरण्याचा छंद आणि रक्तातले शिसे

वाचकहो, आधी हे स्पष्ट करतो की आजचा विषय भारतात छंद म्हणून करण्यासारखा नाही. शस्त्र कायदा, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे. अमेरिकेत मात्र बंदुकीची रिकामी काडतुसे घरीच पुन्हा भरणे हा जुना, रुळलेला छंद आहे. गॅरेजमध्ये किंवा तळघरात एक टेबल, त्यावर हाताने ओढायचे छोटे यंत्र, शेजारी छर्ऱ्यांची पिशवी. आपल्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाचा भाचा तिकडे असतो आणि हौशी मित्रांच्या नादाने यात पडूही शकतो. अशा वेळी घरच्यांना भीती वाटते ती स्फोटाची. ती योग्यच आहे. पण डॉक्टर म्हणून मला जास्त काळजी वाटते ती आवाज न करणाऱ्या गोष्टीची, म्हणजे शिशाची.

छर्ऱ्यांचा इतिहास गमतीदार आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात विल्यम वॉट्स नावाचा प्लंबर होता. (प्लंबर हा शब्दच शिशाच्या लॅटिन नावावरून, 'प्लंबम'वरून आला, पूर्वी नळ शिशाचे असत.) वितळलेले शिसे चाळणीतून उंचावरून पाण्यात सोडले तर पडता पडता त्याचे गोल थेंब होतात, या पद्धतीचे पेटंट त्याने १७८२ मध्ये घेतले. ही युक्ती त्याला स्वप्नात सुचली अशी आख्यायिका आहे. स्वप्नाचे माहीत नाही, पण त्यासाठी त्याने स्वतःच्या राहत्या घरावर मनोरा चढवला हे खरे. थेंब नीट गोल व्हावेत म्हणून शिशात थोडे आर्सेनिक घालत. म्हणजे एकाच छपराखाली संसार, शिसे आणि सोमल! पुढे जगभर असे मनोरे उभे राहिले आणि हे काम घरातून कारखान्यात गेले.

काडतुसे भरणे मात्र घरात टिकून राहिले. एकोणिसाव्या शतकात पुठ्ठ्याची, पितळी बुडाची काडतुसे आली. ती स्वस्त नव्हती, म्हणून शिकारी रिकामी टरफले जपून ठेवत आणि पुन्हा भरत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याच्या खेळाने या छंदाला बळ दिले. १९५८ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या रिचर्ड ली यांनी घरच्या कार्यशाळेत काडतूस भरण्याचे साधे, स्वस्त हत्यार बनवले. १९६० मध्ये रेमिंग्टन कंपनीने प्लॅस्टिकचे काडतूस आणले, ते पुठ्ठ्यापेक्षा जास्त वेळा भरता येई. खेळाच्या एका फेरीत पंचवीस तबकड्या असतात. एका काडतुसात साधारण २८ ग्रॅम छर्रे धरले, तरी फेरीला ७०० ग्रॅम शिसे झाले. हौशी माणूस एका दिवसात अशा चार फेऱ्या सहज खेळतो, आणि तेवढे सगळे शिसे आधी त्याच्या बोटांखालून गेलेले असते.

छर्रे ओतताना बारीक काळी भुकटी उडते. दुसरा वाटा काडतुसाच्या बुडाशी असलेल्या प्रायमरचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या छोट्या टोपीचा. पूर्वी तिच्यात पाऱ्याचे संयुग असे. विसाव्या शतकात त्याच्या जागी शिशाचे आले. एक विष गेले, दुसरे आले. वापरलेली टोपी ठोकून काढली की तिच्यातली राख टेबलावर पडते. ती हाताला, बाहीला, गालिच्याला लागते आणि त्याच गालिच्यावर घरातले रांगते मूल खेळत असते. पोटात गेलेल्या शिशाचा साधारण दहावा भाग प्रौढ माणसाच्या रक्तात उतरतो. लहान मुलात जवळजवळ निम्मा उतरू शकतो.

कारखान्यातल्या कामगारासाठी अमेरिकेने १९७८ मध्ये नियम केले: हवेतल्या शिशाची मर्यादा, ठराविक काळाने रक्ततपासणी, कामाचे कपडे कामावरच ठेवणे. पाणथळीतल्या बदकांनाही संरक्षण मिळाले. ते दगडाचे खडे समजून छर्रे गिळतात आणि मरतात, म्हणून १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत तिथे देशभर शिशाचे छर्रे बंद झाले. घरच्या टेबलावर मात्र निरीक्षक येत नाही. तिथे काम करणारा, मालक आणि सुरक्षा अधिकारी एकच!

१७०० मध्ये इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला आणि डॉक्टरांना सांगितले, रोग्याला विचारा, तू काम काय करतोस? तीनशे वर्षांनंतरही आम्ही हा प्रश्न घाईत विसरतो. आणि विचारला तरी उत्तर येते 'बँकेत आहे' किंवा 'सॉफ्टवेअरमध्ये आहे'. छंद कोणी सांगत नाही. पोटात कळा, बद्धकोष्ठता, थकवा, चिडचिड, सांधेदुखी, वाढलेला रक्तदाब, थोडा रक्तक्षय ही सगळी लक्षणे इतर शंभर कारणांनी होतात. म्हणून तुम्हीच आपणहून सांगा. काडतुसे भरणे असो, मासेमारीची शिशाची वजने ओतणे असो, जुना रंग खरवडणे असो. आपल्याकडचा पारंपरिक शेंदूर हेही शिशाचेच संयुग आहे, तेही सांगा.

किती शिसे चालते? मुलांच्या बाबतीत १९६० च्या दशकात डेसिलिटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत डॉक्टर निर्धास्त असत. अमेरिकेत हा आकडा १९९१ मध्ये १० वर, २०१२ मध्ये ५ वर आणि २०२१ मध्ये ३.५ वर आला. विष तेच आहे, आपले अज्ञान कमी झाले. आणि ३.५ हाही 'सुरक्षित' आकडा नाही, मुलांच्या बुद्धीसाठी सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही. रक्तातले शिसे महिन्याभरात निम्मे होते, पण हाडात शिरलेले दशकानुदशके राहते आणि गरोदरपणात किंवा म्हातारपणी हाडे झिजताना पुन्हा रक्तात येते.

औषधे आहेत. त्यातले एक दुसऱ्या महायुद्धात विषारी वायूवर उतारा म्हणून ऑक्सफर्डमध्ये शोधले गेले. पण ही औषधे वाढलेल्या पातळीसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची असतात. 'डिटॉक्स' म्हणून विकत मिळणाऱ्या पुड्या त्यांत येत नाहीत. पहिला उपाय म्हणजे शिशाचा उगम थांबवणे. टेबल घरातल्या वावराच्या जागेपासून दूर, तिथे खाणेपिणे आणि सिगारेट नाही, झाडूऐवजी ओले फडके, कपडे वेगळे धुणे, आणि त्या खोलीत मुले व गरोदर बाई नकोच.

ज्या घरात हा छंद आहे तिथे फक्त छंद करणाऱ्याची नव्हे, मुलांचीही रक्ततपासणी करून घ्या. 'ब्लड लेड लेव्हल' असे चिठ्ठीवर लिहून घ्या, नेहमीच्या हिमोग्राममध्ये हा आकडा येत नाही. रक्त शिरेतून द्या. बोट टोचून घेतले तर कातडीवरचे शिसे त्या थेंबात मिसळते आणि आकडा खोटा वाढलेला दिसू शकतो.