मतदाराचा कौल आणि निर्णयाची मान्यता : गोव्यातील १९६७ चे सार्वमत

नागरिकाने मताधिकार का बजावावा, या प्रश्नाचे उत्तर बहुधा कर्तव्याच्या भाषेत दिले जाते. त्या उत्तराने ‘माझ्या एका मताने काय होणार’ ही शंका मात्र फिटत नाही. यासाठी, मतदाराच्या कौलाने एका प्रदेशाचे भवितव्य ज्या प्रसंगी प्रत्यक्ष ठरले, तो प्रसंग तपासणे उपयुक्त होईल. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झालेले सार्वमत हा असा प्रसंग होय.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. सालाझारच्या राजवटीत तेथील सामान्य माणसास खऱ्या अर्थाने मताधिकार नव्हता. प्रौढ मताधिकारावर आधारलेली पहिली विधानसभा डिसेंबर १९६३ मध्ये निवडली गेली. तीस जागांपैकी चौदा दयानंद बांदोडकर यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षास, तर बारा डॉ. जॅक द सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षास मिळाल्या. पहिल्या पक्षास महाराष्ट्रात विलीनीकरण हवे होते. दुसऱ्यास गोव्याचे पृथक् अस्तित्व. बांदोडकर सत्तेवर आले, त्याअर्थी विलीनीकरणास लोकांची संमती मिळालीच आहे, असा युक्तिवाद होऊ लागला. १९६५ मध्ये विधानसभेने त्या बाजूने ठरावही केला.

या युक्तिवादातील गृहीत तपासण्याजोगे होते. बांदोडकरांच्या पक्षास पडलेले मत विलीनीकरणास पडले होते, की बहुजन समाजाच्या आणि कुळांच्या नव्या आकांक्षांस? प्रदेशाचे भवितव्य आमदारांच्या संख्येवर न ठरवता मतदारासच विचारावे, असा सिक्वेरा यांचा आग्रह होता. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने सार्वमताचा कायदा केला आणि ते निःपक्षपातीपणे व्हावे म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे ठरली. लक्षणीय गोष्ट अशी की, विलीनीकरणाचा पुरस्कार करणारे ‘गोमन्तक’ जसे मराठी दैनिक होते, तसेच त्यास विरोध करणारे ‘राष्ट्रमत’ही मराठीच होते. मतदाराच्या भाषेवरून त्याचे मत गृहीत धरणे किती धोक्याचे, हे यावरून दिसते.

मतदारयादीत ३,८८,४३२ नावे होती. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी, म्हणजे शेकडा सुमारे ८२ मतदारांनी मत दिले. विलीनीकरणाच्या विरोधात १,७२,१९१ आणि बाजूने १,३८,१७० मते पडली. ७,२७२ मते बाद ठरली. दोन बाजूंतील अंतर ३४,०२१ मतांचे होते. मतदानास न गेलेल्यांची संख्या मात्र ७०,७९९, म्हणजे या अंतराच्या दुपटीहून अधिक होती. हे सर्व मतदार एकाच बाजूस गेले असते, असे मानण्यास आधार नाही. त्यामुळे निकाल उलटला असता, असेही म्हणता येत नाही. परंतु ‘माझ्या एका मताने काय होणार’ असे म्हणून घरी राहणाऱ्यांची बेरीज निर्णायक अंतराहून मोठी भरू शकते, एवढे या आकड्यांवरून निःसंशय सिद्ध होते.

यापुढील घटना अधिक बोधप्रद आहे. मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. ज्या मतदारवर्गाने त्यांची प्रमुख मागणी नाकारली, त्यानेच दोन-अडीच महिन्यांत त्यांच्या हाती राज्यकारभार सोपविला. पक्षास दिलेले मत आणि प्रश्नास दिलेले उत्तर यांत भेद करण्याची कुवत या मतदारापाशी होती. ज्याने प्रौढ मताधिकार प्रथम वापरला, त्यास अवघी तीन-चार वर्षे झाली होती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. मतदारास विचारलेच नसते, तर त्याच्या मनातील हा भेद कधीही नोंदला गेला नसता.

निकालाने वादातील कटुता एकाएकी संपली नाही. भाषेचा प्रश्न तर पुढे अनेक वर्षे धगधगत राहिला. तथापि पराभूत पक्षाने कौल मानून त्याच चौकटीत निवडणूक लढविली, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र घटकराज्य झाले. पाचांपैकी चार मतदारांनी भाग घेतलेला कौल नाकारणे कोणासही सोपे नव्हते. मतदान निम्म्यावर आले असते, तर ‘हा लोकांचा निर्णय नव्हे’ असे म्हणण्यास जागा उरली असती. मतदार आपल्या मताने केवळ एका बाजूचे पारडे जड करीत नाही. निकाल कोणताही लागो, त्यास सर्वांचा निर्णय म्हणून मान्यता मिळवून देण्यात त्याचा वाटा असतो. मतदान न करणारा त्या निर्णयाच्या बंधनातून सुटत नाही. तो घडविण्यातील आपला भाग तेवढा सोडून देतो.