प्रवास ॲपमधील ऑनबोर्डिंगचे मूल्यमापन

मोबाइलवरील प्रवास ॲप प्रथमच उघडल्यापासून पहिले उपयुक्त काम पूर्ण होईपर्यंत वापरकर्त्याला ज्या टप्प्यांतून जावे लागते, त्या प्रक्रियेस ऑनबोर्डिंग असे म्हणतात. भाषेची निवड, नोंदणी, ओळख-पडताळणी, परवानग्या आणि पहिला व्यवहार हे तिचे प्रमुख टप्पे होत. ते किती सहज, किती वेळात आणि किती विश्वासाने पार पडतात, याची पद्धतशीर तपासणी म्हणजे ऑनबोर्डिंगचे मूल्यमापन होय. तिकीट खिडकीवर गावाचे नाव सांगून पैसे दिले की तिकीट मिळते. ॲपवर मात्र त्याआधी बहुधा स्वतःची ओळख द्यावी लागते. तो टप्पा न जमणारा प्रवासी सेवेबाहेरच राहतो. म्हणून सार्वजनिक वाहतुकीत या मूल्यमापनाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

भारतीय रेल्वेच्या अनारक्षित तिकिटांसाठी यूटीएस आणि आरक्षित तिकिटांसाठी आयआरसीटीसीचे रेल कनेक्ट अशी स्वतंत्र ॲप होती. १ जुलै २०२५ रोजी रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांच्या हस्ते या सेवा एकत्र आणणाऱ्या रेलवन ॲपचे उद्घाटन झाले. जुन्या ॲपची खाती येथे चालतात. एमपिन किंवा बोटाच्या ठशासारख्या जैविक ओळखीने प्रवेश मिळतो. केवळ चौकशीसाठी मोबाइल क्रमांक आणि ओटीपी पुरेसा असतो. त्याच दिवसापासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर व ॲपवर तत्काळ तिकिटांसाठी आधार-प्रमाणित खाते आवश्यक झाले. गैरवापर रोखणे हा त्यामागील उद्देश होता. अशा प्रकारे प्रवेशाची एक वाट आखूड झाली, तर दुसरीत एक पायरी वाढली. वाढलेली पायरी सुरक्षेसाठी आवश्यक आहे की अनावश्यक, याचा निवाडा करणे हे मूल्यमापनाचे एक काम असते.

निकष

आयएसओ ९२४१-११ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार उपयोगसुलभतेची तीन अंगे आहेत : परिणामकारकता, कार्यक्षमता आणि समाधान. ऑनबोर्डिंगच्या संदर्भात त्यांचे मापन अनुक्रमे काम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण, लागलेला वेळ आणि वापरकर्त्याचे मत यांवरून होते. कोणत्या टप्प्यावर किती जण थांबले आणि किती वेळा मदत मागावी लागली, याचीही नोंद ठेवतात. केवळ नोंदणी झाली म्हणजे ऑनबोर्डिंग यशस्वी झाले असे मानत नाहीत; प्रवाशाच्या हाती तिकीट येणे हीच खरी कसोटी होय.

समाधान मोजण्यासाठी जॉन ब्रुक यांनी १९८६ मध्ये तयार केलेली सिस्टीम युजेबिलिटी स्केल ही १० विधानांची प्रश्नावली प्रचलित आहे. तिचे गुण ० ते १०० असतात, मात्र ते टक्के नव्हेत. सुमारे ६८ गुण सरासरी समजले जातात.

पद्धती

तज्ज्ञ-परीक्षणात जाणकार व्यक्ती प्रत्येक पडदा ठरलेल्या तत्त्वांवर तपासते. जेकब नील्सन यांची १० तत्त्वे यासाठी वापरली जातात. प्रकट-विचार पद्धतीत वापरकर्ता मनात येणारे विचार मोठ्याने बोलत काम करतो आणि परीक्षक मध्ये न बोलता टिपणे घेतो. ॲपच्या स्वयंचलित नोंदींवरून वापरकर्ते कोठे थांबले ते कळते, पण का थांबले ते कळत नाही.

स्थानिक उदाहरण

कोल्हापूरच्या कसबा बावडा या उपनगरातील प्रवाशाला मिरजेचे अनारक्षित तिकीट काढावयास सांगणे, ही अशा चाचणीतील एक साधी कामगिरी ठरू शकते. कोल्हापूरच्या रेल्वेस्थानकाचे अधिकृत नाव श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस असे आहे. त्यामुळे नुसते ‘कोल्हापूर’ लिहिल्यावर स्थानक सापडते का, हे प्रथम पाहावे लागते. दुसरी बाब स्थानाची. यूटीएस ॲपमध्ये स्थानकाच्या आवारात किंवा धावत्या गाडीत नेहमीच्या पद्धतीने तिकीट निघत नसे. स्थानकावर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करावा लागे. अशा व्यवस्थेत बावड्यात घरी बसून सुरळीत पार पडणारे काम फलाटावर अडू शकते. म्हणून चाचणी दोन्ही ठिकाणी घेणे उचित ठरते, आणि स्थानाची परवानगी मागताना तिचे कारण सांगणे आवश्यक ठरते.

माहिती, भाषा आणि सुलभता

एसटीच्या बसमध्ये २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत आणि २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास करता येतो. त्यामुळे तिकीट काढताना वय व लिंग विचारण्यास सबळ कारण आहे. फोनमधील संपर्कयादी मागण्यास तसे कारण नसते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. या अनुसूचीत मराठीचा समावेश आहे.

३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंतची पोहोच हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे म्हटले. ॲसिड हल्ल्यातील पीडित आणि दृष्टिबाधित व्यक्तींना डिजिटल ओळख-पडताळणीत येणाऱ्या अडचणींविषयी हे प्रकरण होते. चाचणीत अशा व्यक्तींचा समावेश नसेल तर तिचे निष्कर्ष अपुरे राहतात.

मर्यादा

मूल्यमापनात बहुधा ॲप वापरू शकणाऱ्यांचीच गणना होते. सामाईक फोन वापरणारे, ओटीपी वाचण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असणारे किंवा पहिल्याच पडद्यावरून परतलेले प्रवासी समाधानाच्या सरासरीत दिसत नाहीत. त्यामुळे ॲपचे गुण चांगले असले, तरी तेवढ्यावरून तिकीट खिडकीची गरज संपली असा निष्कर्ष काढता येत नाही.