सरळ केलेले दांत आणि झांकलेले दांत



आजचा विषय ऐकून कोणाला हंसूं आलें तर मला त्याचें वाईट वाटणार नाहीं. मात्र तें हंसूं येतांना ज्यांचा हात नकळत ओठांकडे गेला असेल, त्यांच्यासाठीं हें भाषण विशेषेंकरून आहे. पस्तीस वर्षें वर्गापुढें उभें राहिल्यावर शिक्षकाला कांहीं गोष्टी आपोआप दिसूं लागतात. उत्तर ठाऊक असून तोंड न उघडणारें एखादें मूल बहुतेक प्रत्येक वर्गांत असतें. त्याचा अभ्यास कच्चा नसतो. पुढचे दोन दांत एकमेकांवर चढलेले असतात, एवढेंच.

असें मूल मोठें होऊन मिळवतें झालें म्हणजे दंतवैद्याकडे जातें, आणि आजकाल तेथें त्याच्यापुढें दोन मार्ग ठेवले जातात. पहिला मार्ग 'क्लिअर अलाइनर' या नांवानें ओळखला जातो. पारदर्शक प्लास्टिकचे पातळ सांचे एकामागून एक दांतांवर चढवावयाचे आणि दांत हळूहळू योग्य जागीं आणावयाचे, अशी ही रीत आहे. दुसऱ्या मार्गाचें नांव 'व्हिनिअर'. त्यांत दांत जागचा हलत नाहीं. त्याच्या दर्शनी बाजूवर चिनी मातीचें, नखाएवढें पातळ कवच कायमचें चिकटवितात. कापडाच्या दुकानांत एकाच ताग्याचे दोन रंग दाखवावे, तसे हे दोन मार्ग शेजारीं शेजारीं मांडले जातात, आणि गिऱ्हाईक किंमत व मुदत विचारून एकावर बोट ठेवतें. मी दंतवैद्य नव्हें. इतिहास शिकवून निवृत्त झालेला शिक्षक आहें. म्हणून माझ्या परीनें मीं एवढेंच पाहिलें कीं, या दोन वस्तु आल्या कोठून. तें पाहिल्यावर त्या एका ताग्याच्या आहेत असें मला वाटेनासें झालें.

पांढरे आणि सरळ तेच दांत सुंदर, हा दंडक सर्वकाळ व सर्व देशांत नव्हता. आपल्या कवींनीं कुंदकळ्यांची उपमा दिली खरी, परंतु याच महाराष्ट्रांत सौभाग्यवती स्त्रिया दांतवण लावून दांत काळे करीत, आणि त्यांत त्यांना भूषण वाटे. जपानांत विवाहित स्त्रिया, व एके काळीं दरबारी पुरुषहि, लोखंडाच्या द्रावणांत तुरट पूड मिसळून दांत शाईसारखे काळे ठेवीत. १८७३ सालीं सम्राज्ञी शोकेन पांढऱ्या दांतांनीं लोकांपुढें आल्या आणि ती चाल ओसरूं लागली. मध्य अमेरिकेंतील प्राचीन माया लोक तर पुढच्या दांतांना भोकें कोरून त्यांत हिरव्या जेडचे तुकडे बसवीत. शोभेसाठीं निरोगी दांत कोरणारे आपणच पहिले नाहीं.

दांत हलविण्याची कल्पनाहि जुनीच आहे. दुधाचा दांत पडण्यापूर्वीं शेजारीं दुसरा उगवला, तर जुना काढून टाकावा आणि नवा रोज बोटानें त्याच्या जागेकडे ढकलीत जावा, असा सल्ला इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार केल्सस यानें दिला आहे. थोडा जोर, परंतु रोजच्या रोज. आजचें सगळें शास्त्र बीजरूपानें यांत आलें. पुढें १७२८ सालीं पॅरिस येथें प्येर फोशार यानें दंतविद्येवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. धातूची कमानदार पट्टी घेऊन वेडेवांकडे दांत दोऱ्यानें तिला बांधण्याची युक्ति त्यांत आहे. परंतु घट्ट हाडांत रुतलेला दांत हलतोच कसा, याचा उलगडा व्हावयास विसावें शतक उजाडावें लागलें. १९०४ च्या सुमारास स्वीडनमधील कार्ल सांडस्टेट यांनीं कुत्र्यांच्या दांतांवर प्रयोग करून दाखविलें कीं, ज्या बाजूला दाब पडतो त्या बाजूचें हाड विरघळतें, आणि ज्या बाजूला ताण पडतो तेथें नवें हाड तयार होतें. म्हणजे दांत हाडांतून ओढला जात नाहीं. शरीर स्वतःच एकीकडे हाड काढतें व दुसरीकडे भरतें. या कामाला शरीर आपला वेळ घेतें. जोर दुप्पट केल्यानें काम दुप्पट वेगानें होत नाहीं, उलट मुळांना इजा होते.

या विद्येला शिस्त लावली ती अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यांनीं. १८९९ मध्यें त्यांनीं वरच्या पहिल्या मोठ्या दाढेवरून दांतांच्या वेडेवांकडेपणाचे तीन वर्ग पाडले. ते आजहि शिकविले जातात. १९०० सालीं सेंट लुई येथें त्यांनीं या एका विषयाची स्वतंत्र शाळा काढली, आणि १९२८ मध्यें प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या योजनेपासूनच आजच्या तारांची वंशावळ सुरू होते. गृहस्थ मोठे हट्टी होते. जागा करण्यासाठीं एकहि दांत उपटूं नये हा त्यांचा आग्रह पुढें त्यांच्याच शिष्यांपैकीं चार्ल्स ट्वीड यांना सोडावा लागला. शिवाय मानवी मुखाचा आदर्श म्हणून अँगल यांनीं अपोलोचा प्राचीन पुतळा पुढें केला होता. आमच्या कोंकणांतील वा वऱ्हाडांतील चेहऱ्यानें त्या संगमरवरी देवासारखें कां दिसावें, हें मला तरी उमगत नाहीं!

येथवरची ही हकीकत शाळा, रुग्णालय आणि प्रयोगशाळा यांतली झाली. व्हिनिअरचा जन्म मात्र चित्रपटाच्या कारखान्यांतला आहे. १९२७ मध्यें अमेरिकेंत बोलपटांचें युग सुरू झालें. नट पडद्यावर बोलूं लागला, आणि कॅमेरा त्याच्या तोंडाजवळ आला कीं वांकडा दांत हातभर मोठा दिसूं लागला. तेव्हां कॅलिफोर्नियांतील दंतवैद्य चार्ल्स पिंकस यांनीं १९२८ च्या सुमारास नटनटींसाठीं पातळ कवचें तयार केलीं. कवळी बसविण्याच्या भुकटीनें तीं दांतांवर तात्पुरतीं चिकटवावयाचीं, चित्रण संपलें कीं काढून डबींत ठेवावयाचीं. तीं लावून जेवतां येत नसे, आणि जेवावें अशी अपेक्षाहि नव्हती. शर्ली टेंपल ही बालनटी ऐन भरांत असतां तिचे दुधाचे दांत पडूं लागले; तेव्हां पडद्यावर त्या फटी दिसूं नयेत म्हणून पिंकस यांचीच कवचें तिच्या उपयोगीं पडलीं, असें सांगतात. सहा-सात वर्षांच्या पोरीचे दांत पडणें ही जगांतली अत्यंत स्वाभाविक गोष्ट, परंतु चित्रपटाच्या धंद्याला ती परवडणारी नव्हती. व्हिनिअर हा मूळचा असा रंगभूषेचा प्रकार आहे. टोप आणि मिशा यांच्या रांगेंतला. १९३८ मध्यें पिंकस यांनीं त्यावर लेख लिहिला, परंतु कवच टिकाऊपणें चिकटवावयाचें कसें, हा प्रश्न तसाच राहिला.

तो ज्यानें सोडविला त्या मनुष्याला नटांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोअर हे दांतांत भरलेला मसाला कडेनें सुटूं नये याच्या विवंचनेंत होते. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यांत त्यावर आधीं फॉस्फोरिक आम्ल लावतात, हें त्यांना ठाऊक होतें. तेंच आम्ल त्यांनीं दांताच्या कवचावर अर्धा मिनिट लावून पाहिलें. गुळगुळीत पृष्ठभाग सूक्ष्म प्रमाणांत खडबडीत झाला आणि राळेसारखा पदार्थ त्याला घट्ट धरून बसला. १९५५ सालीं त्यांनीं हें प्रसिद्ध केलें. लेख अवघ्या कांहीं पानांचा, पण आजचे दोन्ही मार्ग त्याच्याच आधारानें चालतात. तारांच्या चकत्या दांताला चिकटूं लागल्या त्या यामुळेंच. आणि अलाइनरला पकड मिळावी म्हणून दांतांवर जे बारीक उंचवटे लावतात तेहि यामुळेंच राहतात. पुढें १९८३ च्या सुमारास सायमनसेन, कलामिया व हॉर्न यांनीं दाखविलें कीं, चिनी मातीच्या कवचाची आंतली बाजूहि तीव्र आम्लानें खरखरीत करतां येते, आणि मग कवच व दांत जणूं एकजीव होतात. पिंकस यांचें रात्रीं डबींत जाणारें कवच त्या दिवसापासून कायमचें झालें.

माझ्या मतें या सगळ्या कहाणींतील खरें वळण हेंच. रंगभूषा उतरवितां येत होती तोंवर चूक झाली तरी ती संध्याकाळपर्यंतचीच होती. आतां कवच बसावें म्हणून बहुधा दांताच्या दर्शनी भागावरचा सुमारें अर्धा मिलिमीटर थर घासून काढतात. तेथें नैसर्गिक कवचाची जाडी एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनहि कमी असते, आणि तें एकदां गेलें कीं पुन्हा उगवत नाहीं. नखें वाढतात, केंस वाढतात, मोडलेलें हाडहि सांधतें. दांताच्या कवचाला ती देणगी नाहीं. व्हिनिअर सामान्यतः दहा-पंधरा वर्षें टिकतें, कांहीं अधिकहि. पंचविसाव्या वर्षीं बसविलेलें कवच आयुष्यांत दोन-तीनदां तरी बदलावें लागणार, हें हिशेबांत धरलेलें बरें.

अलाइनरचा धागा मला पुन्हा मागें नेऊन उचलावा लागेल. १९४५ मध्यें अमेरिकेंतील हॅरोल्ड केसलिंग यांनीं रुग्णाच्या तोंडाच्या प्लॅस्टरच्या नमुन्यांतून दांत कापून वेगळे केले, ते मेणांत सरळ बसविले, आणि त्या आदर्श नमुन्यावर रबराचा सांचा घडविला. उपचार संपत आल्यावर राहिलेली बारीकसारीक दुरुस्ती त्यानें होई. असे थोडथोडे फरक करीत सांच्यांची मालिका केली तर मोठेंहि काम होईल, परंतु आज तें व्यवहार्य नाहीं, असें त्यांनीं तेव्हांच लिहून ठेवलें. एकेका रुग्णासाठीं वीस-तीस वेळां मेणाचे दांत हातानें बसवीत कोण बसणार! हें काम पुढें संगणकानें केलें. १९९७ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांत व्यापारशास्त्र शिकलेले झिया चिश्ती आणि केल्सी वर्थ यांनीं त्यासाठीं कंपनी स्थापिली. दोघांपैकीं एकहि दंतवैद्य नव्हता. चिश्तींनीं स्वतः प्रौढपणीं तारा लावून घेतल्या होत्या, आणि नंतरचा सांचा लावण्यांत खंड पडला कीं सरकलेले दांत तोच सांचा पुन्हा जागेवर आणतो, हें त्यांच्या ध्यानांत आलें होतें, असें सांगतात. १९९८ मध्यें अमेरिकन सरकारची परवानगी मिळाली. आज तोंडाची प्रतिमा यंत्रानें घेतात, संगणकावर दांत टप्प्याटप्प्यानें सरकवितात आणि प्रत्येक टप्प्याचा सांचा काढतात. एक सांचा दांताला सुमारें पाव मिलिमीटर हलवितो. तो दिवसाचे वीस-बावीस तास तोंडांत ठेवावा लागतो, फक्त जेवतांना काढावयाचा. फार फिरलेला दांत किंवा जबड्याचाच दोष असेल तर त्याची शक्ति अपुरी पडते आणि तारांकडेच वळावें लागतें. काम पुरें झाल्यावरहि रात्रींचा सांचा सुटत नाहीं, कारण दांतांना जुन्या जागेची ओढ दीर्घकाळ असते.

याचा अर्थ व्हिनिअर वाईट असा मुळींच नव्हे. आपल्या चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांतील कांहीं गांवांच्या भूजलांत फ्लोराइड अधिक आहे, आणि तेथें लहानपण गेलेल्यांच्या दांतांवर तपकिरी डाग दिसतात. ते दांत मुळांत सरळच असतात. त्यांना अलाइनर लावून काय होणार? डाग फार खोल असतील, दांत जन्मतः लहान किंवा झिजलेला असेल, तर कवचासारखा उपाय नाहीं. दोष रंगाचा व आकाराचा, कीं जागेचा, एवढें आधीं ठरवावें लागतें. जागेचा दोष कवचानें लपवावयाचा म्हटलें कीं पुढें आलेला निरोगी दांत जास्त घासावा लागतो, आणि खरी हानि तेथें होते. अलीकडच्या वर्षांत ब्रिटनमधील तरुण मंडळी स्वस्तांत हास्य सुधारण्यासाठीं तुर्कस्तानला जाऊं लागली. तेथून आलेल्या कांहीं जणांना आपल्याला व्हिनिअर बसविली आहेत असें वाटत होतें. प्रत्यक्षांत त्यांचे दांत खुंटासारखे उरेपर्यंत घासून त्यांवर टोप्या चढविलेल्या होत्या.

अलाइनरच्या बाजारांतहि सगळें आलबेल नाहीं. 'स्माइल डायरेक्ट क्लब' या अमेरिकन कंपनीनें २०१४ पासून टपालानें सांचे पाठविण्याचा धंदा केला. दंतवैद्याच्या खुर्चींत न बसतांच काम होई. २०२३ च्या डिसेंबरांत ती बंद पडली आणि अर्धे दांत सरकलेले लोक मध्येंच अडकले. आपल्या देशांत १९२० मध्यें रफीउद्दीन अहमद यांनीं कलकत्त्यास पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय काढलें व १९४८ सालीं दंतवैद्यांचा कायदा झाला, तो नोंदलेल्या जाणत्या माणसानेंच तोंडांत हात घालावा यासाठीं. टपालाच्या पाकिटाला हाडाची क्षकिरण-प्रतिमा पाहून 'थांबा' असें म्हणतां येत नाहीं.

आमच्या नात्यांतील एका मुलीचें लग्न सात आठवड्यांवर आलें होतें. वरचे चार दांत एकमेकांवर चढलेले, आणि त्यांतला एक लहानपणीं झोपाळ्यावरून पडल्यानें काळसर झालेला. एका दवाखान्यानें तिला आठ व्हिनिअर सुचविलीं. दोन खेपांत काम आणि लग्नाच्या आधीं आठ दिवस मोकळे. "आजोबा, फोटो काय पुन्हा काढतां येणार आहेत?" असें तिनें मला विचारलें. तिचें म्हणणें खोटें नव्हतें, आणि मजजवळ त्याला उत्तर नव्हतें. मीं तिला दुसऱ्या एका दंतवैद्यबाईंकडे पाठविलें. त्या म्हणाल्या, यांतले सात दांत निरोगी आहेत, त्यांचा अपराध काय? मुलगी दोन दिवस रुसून होती. शेवटीं तिनें लग्न आहे त्याच दांतांनीं केलें. नंतर चौदा महिने सांचे लावले, दांत ओळींत आले, आणि मग त्या एका काळसर दांतावर तेवढें कवच बसवून घेतलें. लग्नाच्या छायाचित्रांत ती निम्म्या ठिकाणीं ओठ मिटून आहे. उरलेल्या ठिकाणीं, बहुधा कोणी विनोद केल्यामुळें, मोठ्यानें हंसते आहे, आणि तिच्या सासूबाईंनीं दिवाणखान्यांत लावली आहे ती त्यांतलीच एक तसबीर. रात्रींचा सांचा ती अजून लावते; चार दिवस विसरलें तर पांचव्या दिवशीं तो चढवितांना दांत दुखतात, असें परवांच सांगत होती.