कावीळ, गरोदर बाई आणि पंचवीस वर्षं चुकलेलं निदान

आमच्या अष्टमीकडे कावीळ झाली की अजूनही पहिला प्रश्न येतो, "उतरवून आणली का?" गळ्यात माळ घालायची, चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं झालं की कावीळ उतरली! गंमत अशी की बहुतेकांची कावीळ तशीही आपोआप बरी होते, त्यामुळे माळेला फुकटचं क्रेडिट मिळतं. पण घरात गरोदर बाई असेल तर म्हाताऱ्या माणसांचे चेहरे लगेच बदलतात. का बदलतात, याचा इतिहास शोधत गेलो आणि थेट दिल्लीला पोचलो.

नोव्हेंबर १९५५. यमुनेला पूर आला, पात्र सरकलं आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी वझिराबादच्या पंपिंग स्टेशनपाशी घुसलं. महिनाभरात काविळीची प्रचंड साथ आली. अंदाजे २९,३०० लोक पिवळे पडले. डॉक्टरांनी नोंद केली की मृत्यू गरोदर बायकांमध्ये जास्त आहेत. निदान झालं 'इन्फेक्शस हेपॅटायटिस', म्हणजे आजच्या भाषेत हेपॅटायटिस ए. फाईल बंद!

आमच्या धंद्यात एक नियम आहे: बग सापडला नाही तरी लॉग डिलीट करू नका. सुदैवाने त्या साथीतल्या रुग्णांचं रक्तद्रव कुणीतरी जपून ठेवलं होतं. १९८० मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या (एनआयव्ही) खोर्शेद पावरी, श्रीनिवासन, प्रसाद आणि अमेरिकेतले वाँग, पर्सेल यांनी नव्या चाचण्या लावून ते तपासलं. निष्कर्ष: ही साथ ए ची नाही, बी ची तर नाहीच. हा कुणीतरी तिसराच होता.

त्याच सुमारास काश्मीरमध्ये डॉ. खुरू १९७८ च्या साथीचा अभ्यास करत होते. त्यांचे आकडे वाचून मी थांबलोच. २०८ गरोदर बायकांपैकी ३६ जणींना कावीळ झाली, आणि त्यातल्या ८ जणींचं यकृत निकामी झालं. गरोदर नसलेल्या बायकांमध्ये कावीळ फक्त २.१ टक्के, आणि यकृत निकामी झाल्याची एकही केस नाही.

पुढे १९८१ ला आपल्या कोल्हापुरात पाण्यातून साथ आली. एनआयव्हीने तपासली, पुन्हा तोच 'ना ए, ना बी'. १९८३ मध्ये रशियन शास्त्रज्ञ बालायन यांनी रुग्णांच्या विष्ठेचा अर्क दह्यातून स्वतःच घेतला (हो, खरंच!), आजारी पडले आणि स्वतःच्याच विष्ठेत विषाणू पाहिला. १९९० मध्ये त्याचे जनुक हाती लागले. नाव पडलं हेपॅटायटिस ई.

गरोदरपणातच तो इतका का उलटतो, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत? हार्मोन्स आणि प्रतिकारशक्तीतले बदल असं म्हणतात, पण शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. ज्या बाईचं यकृत आधीच सिरॉसिसने दमलेलं आहे तिला तर धोका दुहेरी. त्यात दीर्घकालीन हेपॅटायटिस ई वर वापरतात ते रिबाव्हिरिन गर्भाला घातक, म्हणून गरोदरपणात वर्ज्य. म्हणजे औषधाचा रस्ता बंद, उरतो फक्त पाण्याचा.

लस आहे. चीनने २०११ मध्ये मान्यता दिली. साथ चालू असताना ती पहिल्यांदा वापरली २०२२ मध्ये, दक्षिण सुदानच्या बेंटिऊ छावणीत, तीही गरोदर बायकांसकट. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाही. आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत हीच कावीळ पुन्हा येऊन गेली. दिल्लीच्या साथीनंतर तब्बल ५६ वर्षांनी, कारण तेच: पाण्यात मिसळलेलं सांडपाणी.

तेव्हा मंडळी, पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की नुसती तक्रार करून थांबू नका. घरात कुणी गरोदर असेल तर पाणी खळखळून उकळा, आणि डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. माळ हवी तर घाला, पण रिक्षात बसल्यावर!