गिरणी समित्या आणि मुंबईतील कम्युनिस्ट कामगार चळवळ (१९२८-२९)

प्रस्तावना :

मुंबईच्या कापड गिरण्यांतील १९२८ च्या सार्वत्रिक संपाचा इतिहास बहुधा कॉ. डांगे, निंबकर, मिरजकर, जोगळेकर या नेत्यांच्या नावांभोवती मांडला जातो. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे. तथापि प्रत्यक्ष खात्यात, यंत्राशेजारी उभा राहून संघटना बांधणारा कार्यकर्ता या मांडणीत बराचसा झाकला गेला आहे. गिरणी कामगार युनियनचे खरे बळ त्याच्यात आणि त्याने उभारलेल्या गिरणी समित्यांत होते.

संपाची पार्श्वभूमी :

मंदीच्या काळात मालकांनी ‘कार्यक्षमते’च्या नावाखाली विणकराला दोनऐवजी तीन माग आणि सूतकताई खात्यातील कामगाराला अधिक साचे सांभाळावयास लावण्याचे धोरण आखले. यातून बेकारी अटळ होती. एप्रिल १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले व संप ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ सहा महिने टिकला. मे महिन्यात अवघ्या ३२४ सभासदांनिशी स्थापन झालेल्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या डिसेंबरअखेर सुमारे ५४,००० झाली. अध्यक्ष अर्जुन आत्माराम आळवे हे स्वतः गिरणी कामगार होते, ही गोष्ट विशेष नोंदविण्यासारखी आहे.

गिरणी समित्यांचे कार्य :

त्या काळी कामगाराची भरती, बदली व बडतर्फी जॉबरच्या हाती असे. स्त्रियांच्या खात्यांत हीच सत्ता नायकिणीकडे होती. नोकरीसाठी दस्तुरी द्यावी लागे. रत्नागिरी वा सातारा जिल्ह्यातून आलेल्या माणसाला बहुधा जॉबरच्याच ओळखीने खोली व उधारी मिळे. संपानंतर गिरण्यागिरण्यांतून निवडलेल्या समित्या वर्गणी गोळा करू लागल्या, तक्रारी थेट व्यवस्थापकापुढे नेऊ लागल्या, प्रसंगी काम थांबवू लागल्या. जॉबरच्या अधिकाराला हे उघड आव्हान होते. (काही जॉबर स्वतःच युनियनमध्ये आले, हेही विसरता येत नाही.) मालकवर्गाला वेतनवाढीच्या मागणीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, खात्यातील हा अधिकारबदल खुपला असावा.

साळखात्याचा प्रश्न :

या समित्यांची मर्यादा मात्र गंभीर होती. अधिक वेतनाच्या साळखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धोट्यातील धागा ओढताना त्याला तोंड लावावे लागते, म्हणून विटाळ होतो, असे कारण सवर्ण विणकर पुढे करीत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्येच हा प्रश्न संपाच्या नेतृत्वापुढे ठेवला. वर्गीय ऐक्याची भाषा बोलणाऱ्या नेत्यांनी मागणी तत्त्वतः नाकारली नाही. पण आपला मुख्य आधार असलेल्या विणकरांना दुखावण्याची त्यांची तयारीही दिसत नाही. ही केवळ डावपेचातील चूक मानणे पुरेसे नाही. जे कार्यकर्ते जॉबरला भिडले, ते शेजारच्या मागावरील विटाळाला भिडू शकले नाहीत.

मेरठ खटला व त्यानंतर :

२० मार्च १९२९ रोजी मेरठ कटाच्या आरोपाखाली देशभर धरपकड झाली. डांगे प्रभृतींबरोबर आळवे व गोविंद कासले हे कामगार पुढारीही पकडले गेले. उरलेल्या एस. व्ही. देशपांडे, बी. टी. रणदिवे आदी तरुणांनी त्याच वर्षी एप्रिलअखेर नवा सार्वत्रिक संप पुकारला. डॉ. आंबेडकरांनी त्यास विरोध केला. आधीच्या संपाने गावाकडची साठवण संपली होती, कर्ज वाढले होते. सप्टेंबरपर्यंत संप मोडला. कामावर परतताना समित्यांतील माणसे वगळली गेली आणि भरतीची सूत्रे पुन्हा जॉबरकडे गेली.

पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्ट आणि डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबईत एकत्र संपावर उतरले. त्या एका दिवसाच्या संपाचा रोख विधेयकावर होता. साळखात्याचा प्रश्न त्याचा विषय नव्हता.