सोमवारचा आजार

ट्रॅक्टर येण्याआधी युरोपात नांगर ओढत ते बेल्जियन, पर्शरॉन असे दांडगे घोडे. शनिवारपर्यंत राबायचे, रविवारी सुट्टी. चंदी मात्र सुट्टीलाही पुरी! सोमवारी जुंपलं की घोडा थोडं चालून अडायचा. अंगाला घाम, पुठ्ठे दगडासारखे, लघवी कॉफीच्या रंगाची. काही बसले ते उठलेच नाहीत. म्हणून नाव पडलं 'सोमवारचा आजार'.

जाणत्या मोतद्दारांनी सुट्टीचा दाणा तोडला. शनिवारी रात्री भिजवलेला कोंडा, रविवारी गवत आणि थोडी फेरी. कारण मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. ते २००८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांना सापडलं. या जातींतल्या पुष्कळ घोड्यांत आनुवंशिक दोष असतो. दाण्यातली साखर त्यांच्या स्नायूंत नको तितकी साठते.

बर्फानं काम थांबलं की धोका तोच, रविवार जणू महिनाभर लांबलेला. थंडी पडली म्हणून माणूस मायेनं दाणा वाढवतो, इथंच चुकतं. खरी ऊब सुक्या गवताची. मोठ्या आतड्यात ते आंबताना उष्णता निघते. तेव्हा अशा घोड्याला कडाक्याच्या थंडीत गवत वाढवावं, दाणा नव्हे. रोडावलाच तर थोडं तेल द्यावं, आणि पाणी कोमट करून पाजावं.