द्रोण, होडी आणि सुट्टीतल्या घड्या

समोर बरीच मुलं बसलीत, त्यांचे आईवडील आहेत, मागे काही आजोबा-आजीही दिसतायत. दिवाळीच्या सुट्टीतल्या दुपारी इतिहासावरच्या व्याख्यानाला एवढी गर्दी म्हणजे मला थोडी शंकाच येतेय. बहुतेक व्याख्यानानंतर कागदाच्या वस्तू करायच्या आहेत, हे कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसतंय. तर तिथूनच सुरुवात करू.

कागदाच्या घड्यांना आपण हल्ली सर्रास ‘ओरिगामी’ म्हणतो. शब्द जपानी आहे. ‘ओरु’ म्हणजे दुमडणं, ‘कामी’ म्हणजे कागद. कला जपानमध्ये फार उंचीला गेली, अकिरा योशिझावांसारखा माणूस आयुष्यभर त्यातच रमला, यात वाद नाही. पण त्यामुळे आपल्याकडे एक समज घट्ट बसलाय की हे बाहेरून आलेलं काहीतरी आहे, त्यासाठी खास रंगीत चौकोनी कागद लागतात, दुकानातून किट आणावं लागतं. मला आज या समजाशी थोडं भांडायचं आहे.

आपल्या घरात घडी कागदाच्या आधीपासून आहे. आजींना विचारा, विडा कसा बांधायचा? पान दुमडायचं, टोकं आत घ्यायची आणि लवंग टोचून घडी अडकवायची. पळसाच्या पानाला कड वळवून काडी टोचली की द्रोण झाला. निऱ्या, चुण्या, घडी, दुमड, मोड, एवढे शब्द ज्या भाषेत आहेत तिच्या लोकांच्या बोटांना ही कामं माहीत असणारच. कागद आल्यावर ती बोटं कागदावर चालली. वाण्याची पुडी घ्या. दोरा नाही, डिंक नाही, तरी डाळ सांडत नाही. ज्यांनी ती बांधताना पाहिली असेल त्यांनी सांगावं, हात किती झरझर चालायचे! दौलताबादेजवळचा कागजीपुरा, जुन्नर ही हातकागदाची जुनी ठिकाणं. पेशवे दफ्तरातले कागद रुमालात बांधलेले असत आणि प्रत्येक कागदाला घडी असे. थोडक्यात, कारकून आणि वाणी हे दोघेही घडी घालण्यात तरबेज.

आता इथली, होटगीची एक गंमत. या गावात मराठीही चालते, कानडीही चालते. कानडीत होडीला ‘दोणि’ म्हणतात. संस्कृतात ‘द्रोणी’ म्हणजे लाकडी कुंड, आणि होडीसुद्धा. जनावरांना पाणी पाजायची आपली ‘डोण’ त्याच घरातली. म्हणजे पानाचा द्रोण, गुरांची डोण आणि कागदाची होडी ही शब्दांनी सख्खी भावंडं. मूल जेव्हा कागदाची होडी करतं तेव्हा ते एका अर्थी द्रोणच करत असतं. दोन्हींत युक्ती एकच: सपाट वस्तूला कड द्यायची म्हणजे ती पोकळ होते.

मग ‘पद्धत’ कुठून आली? तर जर्मनीतून. फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. ठोकळे, काड्या, विणकाम, कापकाम यांच्याबरोबर कागदाच्या घड्या हा त्यातला ठरलेला उद्योग होता. घड्यांतून तीन प्रकारच्या आकृती निघत: रोजच्या वापरातल्या वस्तू, सुंदर नक्ष्या आणि ज्ञान देणाऱ्या आकृती, म्हणजे भूमिती. कल्पना सुरेख. पुढे त्यांच्या अनुयायांनी त्याचा कवायतीसारखा क्रम केला. सगळ्यांनी एकाच वेळी तीच घडी घालायची! माझं मत विचाराल तर घडीतला आनंद तिथे बराचसा आटला.

ही पद्धत आपल्या दारापर्यंतही आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशननं सोलापुरात किंडरगार्टन चालवलं आणि बालवर्गाच्या शिक्षिका तयार करायचं विद्यालयही. मेरी बी. हार्डिंग यांचं नाव त्याला जोडलेलं आहे. मला यात एक चित्र दिसतं. सोलापूर हे मागवाल्यांचं, गिरण्यांचं शहर. फ्रोबेलच्या उद्योगांत कागदाच्या पट्ट्या आडव्या-उभ्या विणणं होतं. ज्या पोरांच्या घरात दिवसभर धोटा चालतो, त्यांना कागदाची वीण शिकवताना शिक्षिकेला वेगळं काय सांगावं लागलं असेल?

याच सुमारास, थोडं आधीच, मद्रासमध्ये एक नवल घडलं. टी. सुंदर राव यांनी १८९३ साली कागदाच्या घड्यांमधून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं. कल्पना त्यांना किंडरगार्टनच्या आठव्या संचावरून सुचली. त्यात रंगीत चौरस कागद असत. मुलांच्या खेळातून सुंदर राव नियमित बहुभुजांपर्यंत, पुढे वक्ररेषांपर्यंत गेले. फेलिक्स क्लाइनसारख्या मोठ्या जर्मन गणितज्ञानं त्याचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची आवृत्ती निघाली. जर्मनीतून खेळ आला, मद्रासेत त्याचं गणित झालं आणि ते परत युरोप-अमेरिकेत गेलं. हा प्रवास आपल्या पाठ्यपुस्तकात का नाही, याची मला चुटपुट आहे.

पण आपल्याकडे कळीचा प्रश्न पैशाचा होता. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला. पद्धत माँटेसरींची, आणि तिची साधनं महाग. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, पुढे १९५७ मध्ये कोसबाडला. सोबत अनुताई वाघ. आदिवासी पाड्यांवर लाकडी साधनांचे संच कुठून आणणार? त्यांनी बिया, शिंपले, पानं, माती, जे हाताशी होतं ते साधन केलं. अलीकडे पुण्याच्या ‘आयुका’तून अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंची खेळणी घरोघर पोहोचवली. रद्दीच्या टोप्या ही त्यांची आवडती गोष्ट.

हे सगळं मी वाचलेलं होतं, तरी गेल्या वर्षी याच गावात चुकलो. मुलांसाठी शहरातून महागडे रंगीत कागद आणले. वाटले. मुलं ते हातात धरून बसली, घडी कुणीच घालेना. एक मुलगी म्हणाली, “सर, चुकलं तर?” दुसऱ्यानं कागद दप्तरात ठेवून दिला, घरी दाखवायला. माझा तासाभराचा बेत फसला. मग मी समोरच्या टपरीवरून रद्दी मागून आणली, आणि पाच मिनिटांत खोली टोप्यांनी भरली. चुरगळलेल्या टोप्यांचा ढीग झाला, पण एकालाही वाईट वाटलं नाही.

म्हणून आज रद्दीच आणली आहे. आधी टोपी करू. पान मधोमध दुमडा. घडीची बाजू वर ठेवून दोन्ही कोपरे मधल्या रेषेवर आणा. खाली उरलेली पट्टी एक या बाजूनं, एक त्या बाजूनं वर वळवा. नखानं दाबा, नख हीच आपली इस्त्री. टोपी झाली. आता इथे थांबू नका. टोपीच्या आत अंगठे घालून ती उघडा आणि दुसऱ्या दिशेनं चपटी करा. पट्ट्यांची टोकं एकमेकांखाली खोचा. चौकोन मिळेल. त्याचं खालचं टोक वर घ्या, उलटून मागचंही. पुन्हा अंगठे घालून उघडा, पुन्हा चपटी करा. आता वरची दोन टोकं धरून हलकेच बाहेर ओढा. ही होडी!

लहानग्यांना टोपीवरच थांबू द्या, सहा-सात वर्षांच्या मुलांना होडी जमते. आकाशकंदिलाच्या करंज्या मोठ्यांनी कराव्यात. पतंगी कागद आणि खळ तिकडे टेबलावर आहे. चौरस कागद हवा असेल तर कात्री मागू नका. पानाचा कोपरा समोरच्या कडेवर आणा, उरलेली पट्टी फाडून टाका. सुंदर राव तर वेड्यावाकड्या कागदापासून सुरुवात करतात आणि घड्या घालतच चौरसापर्यंत पोहोचतात.

पाण्याची पितळी परात मागच्या दाराशी ठेवली आहे. ज्याची होडी आधी तयार होईल त्यानं यावं. दाराजवळच्या आजी, तुम्ही द्रोण करणार होतात ना? पानं आणलीत का?